बाडिगे कोर्टातली तिसरी हाक

बेंगळुरूत सध्या जुन्या इमारतींना फार चांगले दिवस आले आहेत. अट एवढीच, की तिथे काम करणारी माणसं आधी बाहेर गेलेली हवीत. मग छपरातली कबुतरं हाकलतात, भिंतींना चुना लावतात, तो चुना हातानं घोटलेला आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि एखाद्या शनिवारी तिथे कोणीतरी अनवाणी बसून बासरी वाजवतं. कॅन्टोन्मेंटच्या बाजूला अशीच एक लांबट, लाल कौलांची, रुंद व्हरांड्याची इमारत आहे. सरकारच्या वारसा यादीत ती आली आणि तिचं नाव झालं ‘द बॉलरूम १८९३’. रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहतो. ‘बाडिगे कोर्ट’ म्हटलं की लगेच गाडी सुरू करतो, मीटर तेवढा करत नाही. बाडिगे म्हणजे भाडं. घरमालक आणि भाडेकरू यांचे तंटे तिथे बावन्न वर्षं चालले.

त्या इमारतीचा इतिहास लिहिणारी बाई म्हणजे मी, सुचेता दामले. पुण्याहून येऊन मला चौदा वर्षं झाली. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मी यंत्रं कशी वापरावीत याची पुस्तकं लिहिते. ती कोणी उघडतही नाही. चौदा वर्षांत मी कन्नडमधले ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढे दोन शब्द शिकले, आणि कोणी विचारलं तर ‘थोडंफार येतं’ असं सांगते. एकेकाळी इतिहासात एम. ए. केलं होतं, त्याचा उपयोग लग्न जमवताना झाला तेवढाच. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अर्णव राहतो. मूळचा मुंबईचा, चाळिशीचा, बारा महिने लिननचे सुरकुतलेले शर्ट घालणारा. ज्या ट्रस्टनं ही जागा चालवायला घेतली त्याचा तो ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’. लिफ्टमध्ये तो मला म्हणाला, "सुचेता, यू आर अ हिस्टरी पर्सन ना? आमच्या वॉलवर एक ब्रास प्लेट लागणार आहे. तू रिसर्च कर. खाली तुझं नाव येईल." नाव येईल म्हटल्यावर मी सातव्या मजल्यावर उतरायची ती नवव्यापर्यंत त्याच्याबरोबर गेले.

पण ही गोष्ट माझी नाही, महांतेश हुक्केरी यांची आहे. मी तिच्यात आहे ती अडगळ म्हणून.

महांतेशअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारात उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर जरीचा फेटा होता. पांढरा लांब कोट, कमरेला लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला, आणि बिल्ल्यावर ‘हेरिटेज होस्ट’. एखाद्या पंचतारांकित हॉटेलात गाडीचं दार उघडायला ठेवतात तसा सगळा थाट. माणूस बासष्ट वर्षांचा, किडकिडीत, सावळा, आणि फेट्याखाली घामानं निथळलेला. मी इंग्रजीत विचारलं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं, मी हिंदीवर आले. मग त्यांनी माझ्या हातातल्या वहीवरचं मराठी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "मराठीतच बोला की अक्का. आम्ही संकेश्वरचं."

फेट्याबद्दल मी विचारलं. कोर्टात असाच पोशाख असायचा का?

"छे हो. साधा पांढरा शर्ट न् पॅन्ट. पट्टा तेवढा खरा. हा फेटा त्या डिझायनर बाईंनी दिला. म्हटल्या, फोटोत चांगला दिसतो."

महांतेशअण्णा या इमारतीत एकवीस वर्षांचे असताना आले, चौऱ्याऐंशी साली. त्यांचे वडील संकेश्वरच्या बाजारात तंबाखूची पोती उचलत. मुलगा दहावी झाला, आवाज खणखणीत होता, गावच्या भजनात तो पहिल्या ओळीला असायचा. कोणा वकिलाच्या ओळखीनं बेंगळुरूच्या कोर्टात दलायत म्हणून लागला. दलायत म्हणजे कोर्टाचा शिपाई. पाणी द्यायचं, फायली उचलायच्या, आणि न्यायाधीशांनी मान हलवली की व्हरांड्यात जाऊन पक्षकाराच्या नावानं हाक द्यायची. ही हाक हेच त्यांचं खरं काम. तीस वर्षं त्यांनी इथे नावं पुकारली. दिवसाला साठ-सत्तर दावे, प्रत्येकात दोन पक्ष, शिवाय साक्षीदार. बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं नाव जोडायचं असेल तर मध्ये ‘कोम’ म्हणायचं, मुलाच्या नावापुढे बापाचं असेल तर ‘बिन’. कन्नड माणसाचं नाव कन्नड पद्धतीनं, तमिळ बाईचं तिच्या घरी म्हणतात तसं. नाव चुकीचं उच्चारलं तर माणूस उठत नाही, असं ते सांगायचे. आपल्याला कोणी बोलावतंय हेच त्याला कळत नाही.

प्रत्येक हाक तीनदा. पहिली पायऱ्यांकडे तोंड करून, दुसरी रस्त्याकडे, तिसरी मागच्या अंगणाकडे, जिथे टायपिस्ट आणि चहावाला बसायचे. तिसऱ्या हाकेला ‘ओ’ आली नाही की दलायत आत जाऊन सांगणार, हाजर नाही. मग दावा एकतर्फी. जो आला नाही त्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही, निकाल दुसऱ्याच्या बाजूनं लागतो.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी विठाबाई कोम भरमाप्पा या नावाला तीन हाका दिल्या. विठाबाई गोधड्या शिवणारी म्हातारी होती, कॉटनपेटेच्या मागे एका खोलीत बावीस वर्षं राहिलेली. त्या दिवशी रस्त्यावरून कोणाच्या तरी सभेची मिरवणूक चालली होती, कर्णे लावलेले. ती झाडाच्या पलीकडे सावलीला बसली होती, कारण व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. महांतेशअण्णांनी नियमाप्रमाणे तीन हाका मारल्या, एकामागून एक, आणि आत जाऊन सांगितलं. दुपारी म्हातारी आली. तिची खोली गेली होती.

"मला म्हटली, तू हाक मारली न्हाईस," अण्णा सांगत होते. "म्या म्हटलं, मारली की मावशी, तीनदा मारली. ती म्हटली, मग मला का ऐकू आली न्हाई? आता याला काय उत्तर देणार? माझी हाक कायद्यानं बरोबर होती. तिची खोली गेली ती गेलीच."

पुढची सव्वीस वर्षं ते दुसरी हाक देऊन झाली की चालायला लागत. झाडाखाली, नळापाशी, चहाच्या टपरीवर, बसथांब्यापर्यंत. कोणी लेकराला पाजत बसलेली असे, कोणी टायपिस्टाशी भांडत असे, कोणी भीतीनं संडासात जाऊन बसलेला असे. त्याला शोधून आणायचं आणि मगच तिसरी हाक द्यायची. आत न्यायाधीश घड्याळ बघत बसायचे. एका साहेबांनी तर त्यांना लेखी मेमो दिला: हाक देण्यास अकारण विलंब. तो मेमो अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला आहे. मला दाखवला तेव्हा हसले. आमच्या कंपनीत लोक दर तिमाहीला एकमेकांना ‘एक्सलन्स’ची सर्टिफिकिटं वाटतात, मीही दोन भिंतीवर टांगली आहेत. अण्णांचा तो पिवळा कागद पाहिल्यावर माझी मलाच ती आठवून किळस आली.

२०१४ साली कोर्ट नव्या इमारतीत गेलं. तिथे नावं पडद्यावर लाल अक्षरांत येतात. अण्णांनी शेवटची नऊ वर्षं फायली उचलल्या आणि निवृत्त झाले. बायको आधीच वारली होती. मुलगी अश्लेषा बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आहे, बापलेक तिथेच जवळ राहतात. मग एक दिवस त्यांना कळलं की जुनी इमारत उघडली आहे आणि तिथे जुना माणूस हवा आहे. ते सकाळच्या पहिल्या बसनं पोचले. ज्या बांधकामवाल्यानं त्यांना घेतलं त्याला वाटलं, पगारासाठी आले. ते आले होते व्हरांड्यासाठी.

त्या व्हरांड्याची त्यांच्याइतकी माहिती कोणालाही नव्हती, आणि हे ट्रस्टला सांगून उपयोग नव्हता. आवाजाचा एक तज्ज्ञ परदेशाहून आणला होता. तो आठवडाभर कुठली कुठली यंत्रं लावून टाळ्या वाजवत फिरला. शेवटी त्यानं अहवाल दिला की गायकाला कुठेही उभं केलं तरी मागे आवाज पोचत नाही, छतातून पडदे सोडावे लागतील. अण्णांनी मला दुसऱ्या खांबाशी नेलं, भिंतीकडे जरा तिरकं उभं केलं आणि म्हणाले, "इथून बोला." मी नेहमीच्या आवाजात माझं नाव सांगितलं. आतल्या टोकाला शिडीवर चढलेल्या सुतारानं वळून पाहिलं. मी हे अर्णवला सांगितलं. तो म्हणाला, "सो क्यूट." पडदे लागले.

आता माझ्या कर्तबगारीबद्दल.

मी तीन महिने शनिवारी जुन्या दप्तरखान्यात जाऊन बसले. धूळ खाल्ली, शिंकले, आणि इमारतीचा सगळा इतिहास शोधून काढला. ही इमारत १८९३ साली लष्करानं बांधली ती खोगिरं ठेवायला. घोड्यांची खोगिरं, लगाम, चामड्याचे पट्टे. मोठ्या दालनात सागवानी फळ्यांची जमीन आहे, ती का घातली तेही एका अभियंत्याच्या पत्रात स्पष्ट आहे: चामड्याला खालून ओल धरू नये म्हणून. घोडे गेले, मग तिथे धान्याचं कोठार झालं, आणि १९६२ ते २०१४ घरभाड्याच्या दाव्यांचं कोर्ट. सहा पानं लिहिली. अण्णांनी सांगितलेल्या हकिगतींपैकी बऱ्याच त्यात घातल्या. इतकं खरं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

अर्णवनं ती सहा पानं आयपॅडवर चार मिनिटांत वाचली.

"सुचेता, इट्स ब्यूटिफुल. पण खोगीर इज नॉट अ स्टोरी यार. आणि कोर्ट म्हणजे... लोकांना वाइब नको का? हा वुडन फ्लोअर बघ. एवढा मोठा वुडन फ्लोअर कोण कशाला घालेल? इट्स ऑब्व्हियसली अ बॉलरूम."

मी अभियंत्याचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, पत्र आहे हे बरोबर, पण इथे नाच कधी झालाच नाही असंही कुठल्या पत्रात नाही. या माणसाला धुळीतून उकरून काढलेला कागद दाखवण्यात अर्थ नव्हता. फळ्या पाहिल्या की त्याच्या कानात पियानो वाजत होता. एकदा वाजला तो वाजला, मग नाव ठरलं, बोधचिन्ह ठरलं, कॉफीच्या कपावर गाऊन घातलेली बाई गिरकी घेऊ लागली. आणि पाटीचा मजकूर झाला तो असा: ‘१८९३ साली बांधलेल्या या दालनात कॅन्टोन्मेंटच्या संध्याकाळी संगीतानं आणि नृत्यानं उजळत. काही काळ सरकारी वापरात राहिल्यानंतर ही वास्तू पुन्हा कलेकडे परतली आहे.’ खाली, जरा बारीक टायपात: ‘इतिहास संशोधन: सुचेता दामले.’

बावन्न वर्षं म्हणजे काही काळ.

पाटीचा नमुना फोनवर आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये, गर्दीत अडकलेली होते. मी मजकूर वाचला. मग माझं नाव वाचलं. मग नाव बोटांनी मोठं करून पुन्हा वाचलं. आणि अंगठा पाठवला. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी लाच दिली नव्हती. माझ्यासारख्या बाईला तेवढाही खर्च करावा लागत नाही.

उद्घाटनाला दहा दिवस राहिले तेव्हा पितळी पाटी भिंतीवर बसवली आणि वर मखमलीचा पडदा घातला. अण्णांनी पडदा बाजूला करून ती वाचली. इंग्रजी त्यांना कोर्टातल्या कागदांमुळे चांगलं वाचता यायचं. मी त्या दिवशी तिथे गेले होते, त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सुचेताक्का, पाटी चुकली."

मी म्हटलं, हो, जरा बदल केलेत त्यांनी.

"मग मी इथं तीस वर्षं काय केलं? नाचलो?"

ते चिडले नव्हते. खरोखर विचारत होते. मी ट्रस्टला शिव्या घातल्या. ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बाकी काही नको. एक ओळ पाहिजे. १९६२ पासून २०१४ पर्यंत इथं भाड्याचं कोर्ट होतं, एवढी. माझं नाव नको. विठाबाईचं पण नको. इथं ती लोकं आली होती, उभी राहिली होती, हे तरी कुठंतरी लिहिलेलं पाहिजे का नको? उद्घाटनाला माझी अश्लेषा येणार हाय. लहानपणी ती विचारायची, अप्पा, तुम्ही तिथं काय करता? मी म्हणायचो, लोकांना बोलावतो. आता ती येणार आणि वाचणार."

मला पाटीच्या आधी बोलायला दोन मिनिटं दिलेली होती. मी म्हटलं, "अण्णा, मी माइकवर सगळ्यांसमोर सांगते. खोगीर, कोर्ट, सगळं. आणि पाटी बदलायला लावते." त्या क्षणी मी अगदी मनापासून बोलले, माझा आवाजसुद्धा जरा भरून आला. असा आवाज भरून आला की आपण अर्धं काम केलंच असं मला वाटतं.

"सांगणार ना?" त्यांनी विचारलं.

"शब्द देते."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं साक्षीदार मिळाला होता.

उद्घाटन शनिवारी संध्याकाळी सहाला होतं. व्हाइटफील्डहून, कोरमंगल्याहून माणसं आली. हातमागाच्या साड्या, चांदीचे मोठे दागिने, ‘व्हॉट अ स्पेस’ असे उसासे. न्यायाधीशांच्या व्यासपीठावर बार होता, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून लोक फोटो काढत होते. तो पिंजरा कुठून आला, बॉलरूममध्ये कोणाला पिंजऱ्यात उभं करत असत, असा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. अश्लेषा कारखान्यातून थेट आली होती, ओळखपत्र अजून गळ्यात. अण्णांनी माझी ओळख करून दिली, "याच त्या. आज बोलणार हायत." तिनं मला नमस्कार केला आणि अगदी मागच्या ओळीत जाऊन बसली. मी तिसऱ्या ओळीत.

अर्णवच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती. कलाकारांची नावं अण्णांनी पुकारायची, ‘ओल्ड स्टाइल’. अण्णा दुसऱ्या खांबाशी उभे राहिले. त्यांनी पहिलं नाव पुकारलं आणि दालनातली कुजबुज थांबली. फेट्याचा, पट्ट्याचा काही संबंध नव्हता, त्या आवाजानं माणूस आपोआप ताठ बसत होता. मग सगळ्यांनी फोन वर केले.

प्रमुख पाहुणे श्रीरंग नावाचे एक बिल्डर होते. पाऊण तास उशिरा आले. अर्णव वाकून माझ्या कानाशी आला. "सुचेता, टाइम खूप झालाय. तुझे टू मिनिट्स ड्रॉप करूया? प्लेटवर नाव आहेच ना तुझं."

पर्समध्ये माझा कागद होता, चौघडी घालून ठेवलेला. मी म्हटलं, "सरी."

चौदा वर्षांत शिकलेला शब्द असा कामी आला. आणि खरं सांगते, मला वाईट वाटण्याच्या आधी हायसं वाटलं.

प्रेक्षकांवरचे दिवे मंद झाले. पाटीवर एक झोत पडला. श्रीरंग उठले, पडद्याच्या दोरीपाशी गेले, छायाचित्रकारांकडे वळून हसले. अण्णा व्हरांड्याच्या दारातून बघत होते. मी बोललेले नव्हते, आणि पडदा तर आता उघडणार होता. त्यांच्या जगात याचं एकच कारण असू शकतं. साक्षीदार आपणहून कधी उठत नाही. तो बसून राहतो, त्याला बोलवावं लागतं. कोणी तरी बोलवायचं विसरलं होतं.

ते दुसऱ्या खांबाशी गेले.

"साक्षी सुचेता दामलेऽऽ."

माझं नाव इतकं नीट आजवर कोणी उच्चारलं नसेल. सगळं दालन त्यानं भरलं. लोक हसले, माना वळवून बघू लागले, कोणीतरी टाळी वाजवली. श्रीरंग यांचा हात दोरीवरच राहिला. अर्णवच्या चेहऱ्यावर आनंद होता, त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं पदरचं काहीतरी घातलं, झकास जमलंय. उठायचं, चार पावलं टाकायची, माइक घ्यायचा. एवढंच होतं. माझे पाय काही लुळे पडले नव्हते.

"साक्षी सुचेता दामलेऽऽ." दुसरी हाक रस्त्याकडे.

तिसरी लगेच आली नाही. ते मला शोधायला गेले होते. खिडकीतून मला त्यांचा फेटा दिसत होता. झाडापाशी, मग नळ होता तिथे आता जो सेल्फीचा कोनाडा केलाय तिकडे, मग गाड्या लावल्या होत्या त्या टोकापर्यंत. आत लोक चुळबुळ करत होते, हसत होते, ‘इमर्सिव्ह’ हा शब्द मला दोनदा ऐकू आला. मी मान मागे वळवली, का ते देव जाणे. मागच्या ओळीत अश्लेषा उभी राहिली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मी पुढे तोंड केलं. मी विचार करत होते की आता उठले तर फार नाट्यमय दिसेल. अर्णवशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते. एका ओळीसाठी एवढं कोण करतं. असे सगळे विचार एका बसल्या जागी, भराभर, जणू कोणी तयार करूनच ठेवले होते.

"साक्षी सुचेता दामलेऽऽ."

तिसरी हाक मागच्या अंगणाकडे तोंड करून होती. म्हणजे ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

ते आत आले. झोताच्या प्रकाशात त्यांचे डोळे दिपले होते, अंधारात बसलेल्यांपैकी त्यांना कोणी दिसत नसणार. ते श्रीरंग यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि तीस वर्षं न्यायाधीशांना सांगत आले तसं खालच्या आवाजात म्हणाले, "साक्षी हाजर नाहीत, स्वामी."

दालनात हशा पिकला. मग टाळ्या, उभं राहून. मीही उभी राहिले, कारण एकटीच बसले असते तर दिसले असते. श्रीरंग यांनी दोरी ओढली.

बाहेर पडताना गर्दीत अश्लेषानं मला गाठलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. तिचा आवाज अगदी साधा होता. दिवसभर सदोष माल बाजूला काढणाऱ्या बाईचा. "तुम्ही तिसऱ्या ओळीत होता," ती म्हणाली, "हे मी अप्पांना सांगणार न्हाई. त्यांना झोप लागायची न्हाई." आणि ती वडिलांच्या हातातला फेटा घेऊन बसथांब्याकडे चालू लागली.

मंगळवारी मला तिथे जावं लागलं, पाटीशेजारी माझा फोटो काढायचा होता. होय, मी गेले. अण्णा दारातच होते. मला पाहून पुढे आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

"सुचेताक्का, शनिवारी कुठं होता? मी पार गाड्यांपर्यंत जाऊन आलो. आत त्या एसीचा आवाज लई, आणि ते पडदे लावल्यात, त्यामुळं तुम्हाला ऐकू गेलं नसणार. माझंच चुकलं. मी आत येऊन बघायला पाहिजे होतं."

फोटोवाला दिवे लावत होता. अण्णा माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते.

"हो," मी म्हटलं. "ऐकू नाही आलं."